हशाची जागा

दुआर्तने आईबाबांवर सिनेमा काढला.
विनोदी. पंच्याण्णव मिनिटं.
सेतुबालच्या जुन्या थिएटरात पहिला खेळ,
पुढून तिसरी रांग, फुकट.
बाबांनी लग्नातला कोट घातला. लग्न माझं,
ते टिकलं नाही; कोट टिकला.

मी दोघांच्या मधे बसले,
नेहमीसारखी.

पडद्यावरचे बाबा लिस्बनमधल्या मुलाला
दर रविवारी फोन करतात आणि एकच विचारतात:
"तिकडे पाऊस आहे का?"
थिएटर फुटलं हसून.
पुढच्या रविवारी पुन्हा: "पाऊस?"
तिसऱ्यांदा तर त्यांनी नुसता रिसीव्हर उचलला
आणि मागच्या रांगेतली बाई टाळ्या पिटायला लागली.
बाबा माझ्या कानाशी आले:
"मग काय विचारायचं असतं?"
मला सांगता आलं नाही.

पडद्यावरची आई मुलाच्या मैत्रिणीला
तारलीचे सोळा डबे बांधून देते,
ती शाकाहारी आहे हे चौथ्यांदा ऐकून.
खरी आई म्हणाली, "सोळा कुठले, बाराच होते."
आणि मग, जरा मोठ्याने,
"डबा असा उघडतात होय? बोट जाईल तिचं."
एकोणतीस वर्षं तिने कारखान्यात तारली भरली,
डोकं-शेपूट, डोकं-शेपूट,
तिचे हात अजून झोपेत रचत असतात.
त्या नटीचे हात फार सुंदर होते.
सिनेमात तेवढं एकच खोटं, असं मला वाटलं.
मग वाटलं, नाही, आणखी एक आहे.

घरात एकच मूल होतं.

त्याच दोन खोल्या, तीच निळी फरशी,
खिडकीखाली तोच गॅसचा सिलिंडर,
माझ्या पलंगाच्या जागी शिवणाचं मशीन.
मी शोधत राहिले. म्हटलं, बाजारात गेली असेल,
येईल आता पिशव्या घेऊन,
बाबांच्या गोळ्या, आईचा दुरुस्त केलेला चष्मा.
आली नाही.
दुआर्त नंतर म्हणाला, "सेलेश्त, समजून घे गं,
मला दोन पिढ्यांमधली दरी दाखवायची होती.
तू तर दरीतच राहतेस. कॅमेरा कुठे लावू?"
वाक्य चांगलं होतं.
तेही सिनेमात नव्हतं.

दिवे लागले. खाटीक आला, औषधवाली आली,
बाबांचा हात धरून हलवत राहिले,
"काय मग, पाऊस आहे का हो तिकडे?"
बाबा लाजले. मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.
आईने मात्र माझा दंड धरला,
बसमध्ये विसरलेली छत्री परत मिळावी तसा,
आणि सगळ्यांदेखत विचारलं,
"आणि ही? ही कुठे होती?"
कुणीतरी हसलं.
ती हशाची जागा नव्हती.

याला आता पाच आठवडे झाले.
बाबा त्या नटासारखे चालायला लागलेत,
डावा पाय किंचित ओढत,
जो त्यांचा कधी दुखला नाही.
कोपऱ्यावरच्या कॅफेत संत्रं सोलताना मधेच थांबतात,
भुवया वर करतात, लोक हसतात,
कॉफीचे पैसे कुणी घेत नाही.
आई म्हणते, "नवरा गेला माझा, नट आला घरात,"
आणि डबे देताना
आता मोजून सोळाच देते.

काल रविवार. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला.
खाकरले. एक डोळा बारीक करून माझ्याकडे पाहिलं.
"तिकडे पाऊस आहे का?"
आणि थांबले, हशासाठी.

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.
मग दुआर्त म्हणाला, "आहे.
बाबा, तुम्ही खरंच विचारताय ना?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले,
पुढचं वाक्य मला ठाऊक असल्यासारखे.
मी पिशव्या उचलल्या.
बाजार बंद व्हायला अर्धा तास होता.